बाराशे पावलं कुणाची?

पहिल्या दिवशी टॅबच्या काचेवर एक मुलगी उगवली, हसून ‘नमस्कार काका’ म्हणाली, आणि सिताराम खिल्लारे यांनी तिला बाहेरच थांबवलं.

“नाव?”

“क्षिप्रा. मी तुमची फिजिओथेरपिस्ट.”

“पूर्ण नाव सांगा. कुठून आलात, कुनाकडं काम हाय.”

“मी आलेच नाहीये काका. खारघरला हॉस्पिटलमध्येच बसलेय. आणि काम तुमच्या डाव्या पायाकडे आहे.”

उत्तर बरं होतं. पण बरी उत्तरं देणारे लोक सितारामांनी सत्तावीस वर्षं पाहिले होते. त्यांनी तिचं ओळखपत्र काचेला लावायला सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून फोटो आणि चेहरा जुळवला. मग खोली दाखवायला लावली. तिनं लॅपटॉप उचलून गोल फिरवला: खिडकी, खिडकीतला डोंगर, चालायच्या सरावाचे दोन लोखंडी दांडे, एक अर्धं उघडं दार. दाराशी कोण उभं आहे, असं सितारामांनी विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली. मग उघडं कशाला, असं त्यांनी विचारलं. ती उठली, दार लावून आली, परत बसली. तेव्हा कुठे त्यांनी धोतराचा सोगा वर करून डावा पाय पुढे केला, तोही दोन्ही हातांनी उचलून, कारण स्वतःहून तो पुढे येत नव्हता.

पलीकडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांच्या पत्नी चांगुणाबाई उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरीला पानी तरी इचारा.”

सिताराम मूळचे हिंगोलीकडचे. एकोणिसाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी आणि चुलत्याचा पत्ता घेऊन इकडे आले. आधी हमाली केली, मग उरणच्या बाजूच्या एका कंटेनर यार्डात गेटवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काम दिसायला सोपं. गाडी आली की कागदावरचा सीलचा नंबर आणि कंटेनरच्या दारावरच्या सीलचा नंबर जुळवायचा. जुळला तर सोडायची, नाही तर बाजूला उभी करायची. बाकीचे एवढंच करत. सिताराम गाडीच्या मागं जाऊन दाराची कडी ज्या रिवेटांनी ठोकलेली असते, ते रिवेट बोटानं चाचपून बघत. चोर सीलला हात लावतच नाही, ते सांगत. तो रिवेट काढतो, आख्खी कडी उचलतो, माल काढतो आणि रिवेट पुन्हा ठोकून वर रंग मारतो. सील शाबूतच्या शाबूत. एकदा असा एक ओला रंग त्यांच्या बोटाला लागला होता. ती गोष्ट घरात जेवताना एवढ्या वेळा सांगितली गेली होती, की मुलगा अंकुश लहानपणी ‘मग बोट हुंगलं’ हे वाक्य त्यांच्या आधी म्हणायचा.

गेट सुटलं, सवय सुटली नाही. दूधवाल्याच्या पिशवीचा कोपरा ते बघत. लग्नाच्या पत्रिकेवरची तारीख कॅलेंडरशी ताडून बघत. कुणी फार गोड बोललं, की नंतर चांगुणाबाईंना विचारत, “याचं काय काम असंल?”

जानेवारीत एका सकाळी डाव्या पायात चप्पल जाईना. पाय चपलेत घातला की चप्पल तिथंच, पाय बाहेर. त्यांना आधी चपलेचाच संशय आला. चांगुणाबाईंनी तोंडाकडे पाहिलं आणि खालच्या मजल्यावरच्या दिलीपला हाक मारली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत नेलं म्हणून वाचा शाबूत राहिली, हात सुधारला, पण पाय तसाच राहिला. गुडघा मध्येच सोडून द्यायचा, आणि पाऊल असं लोंबायचं की अंगठा फरशीला घासायचा.

अकरा दिवसांनी घरी आणलं. नेरुळची ती सिडकोची जुनी इमारत, तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही, आणि खिल्लारे सगळ्यात वर. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. चोपन्न पायऱ्या. पुढे दिलीप, तो मागच्यांना सांगत होता: डावीकडून घ्या, कोपरा सांभाळा, टेकवू नका, अजून थोडं. यार्डात माल उतरवताना हेच शब्द असतात. सितारामांनी पहिल्याच वळणावर डोळे मिटले, ते थेट घरात उघडले.

रोज असं उचलून खाली न्यायचं आणि वर आणायचं, तर पायापेक्षा माणूस आधी खचेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून घरीच टॅब आला. आठवड्यातून तीनदा क्षिप्रा काचेवर यायची, आणि उरलेला वेळ डाव्या घोट्यावर एक पट्टा असायचा. पट्ट्यात चिप. किती पावलं पडली, पाऊल किती वेळ टेकलं, ते सगळं त्यातून टॅबवर जायचं. ठरलेली पावलं झाली, तर संध्याकाळी कोपऱ्यात हिरवा टिपका, नाही झाली तर लाल. कार्यक्रम बारा आठवड्यांचा.

आणि बारा आठवड्यांनी काय, हे अंकुशनं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. तो उलव्याला राहायचा, चौदाव्या मजल्यावर, दोन लिफ्ट. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उद्या पुन्हा काही झालं, तर इथून खाली कोण नेणार? दिलीप किती वेळा येणार? “बाबा, मी जबरदस्ती नाही करत. रिपोर्ट येईल ना, त्यात जर आलं की तुम्ही आपले आपण जिना चढ-उतर करू शकता, तर राहा इथे. विषय संपला. नाहीतर मग तिकडे.”

“रिपोर्ट खरा असंल तर,” सिताराम म्हणाले.

उलव्याला ते एकदा आठ दिवस राहून आले होते. सून चांगली, नात लाघवी, खोली वाऱ्याची. परत आल्यावर चांगुणाबाईंना म्हणाले होते, तिथं पाणी प्यायलाबी विचारावं लागतं. विचारा असं कुनी म्हनत न्हाई, पन लागतं. इथं दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. इथं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वसाहतीत कोण आलं, कोण गेलं ते दिसायचं, आणि मागच्या विहारात रविवारची वंदना ते आल्याशिवाय सुरू होत नसे. जानेवारीपासून ती त्यांच्याविना सुरू होत होती. खिडकीत बसून ऐकू यायची.

म्हणजे सगळं येऊन थांबलं त्या रिपोर्टवर, आणि रिपोर्ट लिहिणार काचेतली मुलगी.

तिची परीक्षा त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात घेतली. खुर्चीत बसून टाच जागेवर ठेवायची आणि चवडा उचलायचा, असा व्यायाम होता. सितारामांनी धोतर जरा खाली ओढलं आणि उजव्या पायाचा चवडा झोकात उचलला. एकदा, दोनदा, तीनदा. “वा,” ती म्हणाली, आणि सितारामांचं तोंड कडू झालं. मग ती म्हणाली, “उजवा पाय उत्तम आहे काका. आता डावा दाखवा.”

सितारामांनी धोतर पुन्हा वर केलं. आणि त्या दिवशी डावा चवडा घाम येईपर्यंत ओढला. तो उचलला गेला नाही, नुसता थरथरला. तेवढ्यावरही ती खूश झाली. खूश कशाला झाली, याचा विचार ते संध्याकाळपर्यंत करत राहिले.

चौथ्या आठवड्यात अंकुशचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, काल तीनशेच पावलं झाली ना?

“तुला कुनी सांगितलं?”

“अ‍ॅपवर येतं बाबा, माझ्याकडे पण.”

सितारामांनी फोन ठेवला आणि घोट्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. “चांगुणे,” ते म्हणाले, “पायात चहाडखोर बांधलाय आपन.”

चांगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. टिपका हिरवा व्हायला लागला. रोज. पाचव्या आठवड्यात क्षिप्रा काचेवर आली, ती हातात कागद नाचवतच. पावलं वाढलीत म्हणाली, आठशे, हजार, काल तर बाराशे. काका, आता पातळी वाढवू या, पाटावर चढायचा सराव सुरू करू या.

काल आपण किती चाललो होतो, हे सितारामांना ठाऊक होतं. पलंग ते मोरी, मोरी ते खिडकी, आणि खिडकीत पाय दुखला म्हणून बसून राहिले. बाराशे कुठून आली? गेटवर आकडा कमी निघाला तर माणूस चोरी शोधतो. आकडा जास्त निघाला तर अडाणी माणूस खूश होतो. शहाणा विचारतो, ही उदारता कुणाच्या फायद्याची?

त्यांनी पाटावर चढायचा प्रयत्न केला. दोनदा जमलं. पुढच्या खेपेला तिनं दाराबाहेरच्या जिन्याची पहिली पायरी सांगितली, सोबतीला माणूस घेऊन. दिलीप आला, एका बाजूनं तो, दुसरीकडून कठडा. टॅब चांगुणाबाईंच्या हातात. सितारामांनी डावा पाय खालच्या पायरीवर टाकला आणि गुडघ्यानं दगा दिला. दिलीपनं आधारासाठी त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरला म्हणून ते पडले नाहीत, नुसते दिलीपच्या छातीवर आदळले. काचेतून क्षिप्राचा आवाज येत होता, थांबा, बसवा त्यांना, बसवा. तिचा आवाज खरंच घाबरलेला होता. पण घाबरलेला आवाज काढता येतो.

त्या दुपारी पलंगावर पडल्या पडल्या सितारामांनी सगळा माल एका जागी लावला. आकडे वाढवायचे. आकडे वाढले म्हणून पातळी वाढवायची. पातळी वाढवली की म्हातारा पडणार. पडला की रिपोर्टात येणार: जिना जमत नाही. फॉर्मवर सही अंकुशची, अ‍ॅप अंकुशच्या फोनवर, आणि आकडे वाढवणं म्हणजे काय, कुठेतरी बसून बटण दाबणं. आपल्या रक्ताच्या पोराबद्दल असा विचार येतो, याची त्यांना लाज वाटली. पण त्यांनी तो सोडला नाही.

चिप आकडे खोटे दाखवते, की कुणी तिला खोटं सांगतं, हे आधी बघायला हवं होतं. दुपारी जेवून झोपताना पट्टा काढायचा, कातडीला हवा लागू द्यायची, असा नियम होता. काढलेला पट्टा चांगुणाबाईंच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवत. लकव्यानंतर घरात तंबाखू बंद झाली होती, म्हणून डबा रिकामाच होता. सितारामांनी कॅलेंडरच्या मागच्या पानाची एक पट्टी फाडली, तिच्यावर सहा आकडी नंबर लिहिला, आडवी सही केली आणि पट्टा आत ठेवून ती पट्टी डब्याच्या कडीवर डिंकानं चिकटवली. कुणाला काही सांगितलं नाही.

उठल्यावर बघितलं. पट्टी जागच्या जागी. नंबर तोच, सही तीच, डिंकाला सुरकुती नाही. टॅबवर मात्र सातशे पावलं.

म्हणजे चिपच खोटी, असं दुसरा कुणीही म्हणाला असता. सितारामांनी डबा उलटा केला आणि मागच्या बिजागरीवरून बोट फिरवलं. बिजागरीतली मूळची खीळ कधीच हरवली होती. तिच्या जागी चांगुणाबाईंनी स्वतः एक तार घातलेली होती, एका टोकाला वळवलेली. ते वळवलेलं टोक सकाळपर्यंत डावीकडे होतं. आता उजवीकडे होतं.

सितारामांनी बोट हुंगलं. पितळेचा वास आला, आणि लसणाचा.

दुसऱ्या दिवशी जेवून ते आडवे झाले, पट्टी चिकटवली, तोंड भिंतीकडे केलं आणि घोरायला लागले. घोरण्याचं सोंग अवघड असतं. माणूस फार नियमित घोरतो. थोड्या वेळानं तार निघाल्याचा बारीक आवाज आला. मग फरशीवर पावलं. सितारामांनी कूस बदलल्यासारखं केलं आणि डोळे किलकिले केले.

चांगुणाबाई चालत होत्या. लुगड्याचा काठ वर खोचलेला, डाव्या घोट्यावर पट्टा, हातात तांदळाचं सूप. मोरीपासून दारापर्यंत, दारापासून मोरीपर्यंत. सूप नुसतं धरलेलं होतं, कुणी आलंच तर दाखवायला. ओठ हलत होते. वीस झाले की एक तांदूळ सुपाच्या कडेला सरकवत होत्या. आणि सितारामांना आणखी एक दिसलं, जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं: दर पावलाला डावा पाय टेकला, की त्या तोंड आवळत होत्या.

“किती झाली?” सिताराम भिंतीकडूनच म्हणाले.

पावलं थांबली.

“तेरा विसा.” खोटं सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

“बस तितं.”

“तांदूळ निवडायलेय.”

“पायानं?”

चांगुणाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. सूप मांडीवर घेतलं.

“कामून करायलीस हे?”

“लाल टिपका आला की अंकुश फोन लावतो,” त्या म्हणाल्या. “तुमाला न्हाई, मला. आई, बाबा चालंनात, आता आनतोच तिकडं म्हनतो. हिरवा आला की गप बसतो.”

“म्हंजे तुला जायचं न्हाई.”

“मला जायचंय.”

सिताराम उठून बसले. बसायला त्यांना वेळ लागला, तोवर त्या बोलतच होत्या, आवाज न चढवता, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगताहेत. “दळन मी आनते. भाजी मी आनते. तुमची औषधं, दूध, कचरा. दिवसातून चारदा जिना. दुसऱ्या मजल्यावर मी रोज थांबते, शेजारनीशी बोलायलेय असं दाखवते. तितं लिफ्ट हाय. जायचंय मला.”

“मग जाऊ द्यायचं होतं लाल. आपोआप गेलो असतो.”

“तसं न्हाई न्यायचं तुमाला.” त्यांनी पट्टा सोडवला आणि डब्यात न ठेवता त्यांच्या हातात दिला. “खुर्चीतून वर आनलं तवा मी मागं होते. तुमी डोळे मिटले होते. मी न्हवते मिटले.”

सितारामांनी एकच प्रश्न विचारला. किती दिवस?

अकरा.

ती दुपार त्यांनी खिडकीत काढली. गेटवरचा नियम एका ओळीचा होता: सीलला धक्का लागला असेल तर गाडी परत. ड्रायव्हर रडो, मालकाचा फोन येवो, आत काय आहे याच्याशी गेटचा संबंध नाही. हा नियम त्यांनी एकदा स्वतःच्या मेहुण्याच्या गाडीलाही लावला होता आणि मेहुणा तीन वर्षं बोलला नव्हता. आता खरं सांगितलं तर टिपका लाल होणार, व्यायाम मागं जाणार, आणि बारा आठवडे तर बाराच राहणार. न सांगितलं तर पुढची पायरी, आणि दर वेळी दिलीपची छाती असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी क्षिप्रा काचेवर आली. तिनं नमस्कार म्हणायच्या आत सिताराम म्हणाले, “ताई, लिहून घ्या. मागचे अकरा दिवस रद्द.”

“म्हणजे?”

“पट्टा होता, पाय माजा न्हवता.”

कुणाचा होता, असं तिनं विचारलं. ते नाव मी देणार नाही, सिताराम म्हणाले. स्वयंपाकघरात भांडं पडलं.

क्षिप्रानं खाली बघून काहीतरी चाळलं. बराच वेळ. मग ती जे बोलली ते हळू बोलली. “काका, चूक माझी पण आहे. रोज दुपारी दोनलाच पावलं कशी पडतात, हे मी बघायला हवं होतं. आकडा बघितला, वेळ नाही बघितली. पण मला शंका न यायचं एक कारण आहे. तो डावा पायही नीट टेकत नाहीये. पाऊल ठेवलं की लगेच उचललं जातंय. लकव्याचा पाय असाच टेकतो, म्हणून मला वाटलं, तुमचाच आहे.” ती थांबली. “काकूंचा गुडघा किती वर्षं दुखतोय?”

सितारामांनी उंबऱ्याकडे पाहिलं. चांगुणाबाई पदरानं हात पुसत उभ्या होत्या.

“इचारा की त्यान्ला,” त्या म्हणाल्या. “त्यान्ला सगळं दिसतं.”

सितारामांना उत्तर ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी व्यायाम झालाच नाही. आधी कागद झाले. रिपोर्ट अंकुशकडे का जातो, तर दवाखान्यातून सुटताना सही त्याची होती. माझ्या पायाचा रिपोर्ट आधी माझ्याकडं, मग जगाकडं, सिताराम म्हणाले. क्षिप्रानं नवा फॉर्म टॅबवर पाठवला. दोन पानं त्यांनी ओळीखाली बोट ठेवून वाचली, तीन ठिकाणी अर्थ विचारला, मग बोटानंच सही केली. आणि शेवटी जे इतके दिवस विचारायला घाबरत होते ते विचारलं. बारा आठवड्यांनी जिना जमणार, हो का न्हाई?

“उतरणं बहुतेक जमेल, मध्ये बसत बसत. पण रोज आपले आपण चढ-उतार, यावर मी आज हो म्हणणार नाही.”

लकव्यानंतर भेटलेल्या प्रत्येक माणसानं त्यांना ‘होईल हो सगळं नीट’ सांगितलं होतं. न सांगणारी ही पहिलीच.

“बहुतेक म्हंजे किती?” सितारामांनी विचारलं.

“ते तुमच्यावर आहे,” ती म्हणाली. “खऱ्या पावलांवर.”

व्यायाम मागे गेला, थेट दुसऱ्या आठवड्याच्या पातळीवर. चवडा उचला. खुर्चीतून उठा, हात न टेकता. ओट्याला धरून वजन डाव्या पायावर टाका, दहापर्यंत मोजा. टिपका लाल, लाल, लाल. अंकुशचे फोन आता सितारामांना यायचे, आणि ते सांगायचे, “लालच हाय. खरा हाय.” अकरा दिवसांची गोष्ट त्यांनी त्याला सांगितली नाही. आपण त्याच्यावर काय संशय घेतला होता, हे तर अजिबातच नाही. पण एका रविवारी तो जेवत असताना त्यांनी आपल्या हातानं त्याच्या ताटात चटणी वाढली, आणि अंकुश घास थांबवून बघत राहिला. यांचं काय काम असेल, असा चेहरा करून.

क्षिप्रानं चांगुणाबाईंनाही दोन व्यायाम लावून दिले. मला वेळ न्हाई, त्या म्हणाल्या. मग भाकरी भाजताना एका हातानं ओटा धरून करायला लागल्या. सिताराम खिडकीतून मागं वळून बघत, “गुडगा वाकडा जायलाय” म्हणत. चांगुणाबाई म्हणत, तुमी तुमचा बगा.

बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट आला तो त्यांच्या टॅबवर. एक मजला, अठरा पायऱ्या, उतरणं आणि चढणं, शेजारी माणूस उभा ठेवून: जमतं. तीन मजले उतरणं, दर टप्प्यावर बसून: करून बघायला हरकत नाही. तीन मजले आपले आपण: अजून नाही. सितारामांनी तो तीनदा वाचला, खोट शोधली, सापडली नाही. मग अंकुशला बोलावून टॅब त्याच्या हातात दिला.

अंकुशनं वाचलं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद करायचा, तर समोर बाप.

“माज्याकडं बगू नको,” सिताराम म्हणाले. “आईला विचार.”

अंकुशनं आईकडे पाहिलं. चांगुणाबाई म्हणाल्या, “जाऊन बगू. घर विकायचं न्हाई. भाड्यानं द्यायचं न्हाई. किल्ली माज्यापाशी. चार महिने बगू.”

“डन,” अंकुश म्हणाला. “उद्याच शिफ्ट करू या.”

“थांब,” सिताराम म्हणाले. “तुजी लिफ्ट बंद पडली तर?”

“जनरेटर आहे ना बाबा.”

“चालतो?”

जनरेटर अंकुशनं कधी पाहिला नव्हता.

तेव्हा ठरलं असं, की आधी रविवारी नुसतं जाऊन यायचं. लिफ्ट बघायची, जनरेटर बघायचा, आणि लिफ्ट बंद पडल्यावर चौदा मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांचं काय करतात, ते तिथल्या वॉचमनला विचारायचं. दिलीपनं दर टप्प्यावर एकेक स्टूल नेऊन ठेवलं. अंकुश एक पायरी खाली, दिलीप मागं, काचेत क्षिप्रा, सुटीच्या दिवशी, घरच्या कपड्यांत. उतरताना आधी दुबळा पाय, चढताना आधी चांगला, तिनं पुन्हा बजावलं. सितारामांनी कठडा धरला आणि डावा पाय खाली टाकला. गुडघा हलला, थांबला, राहिला.

पाऊण तास लागला. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण दारात आली, तिला चांगुणाबाई म्हणाल्या, आज खरंच बोलायला थांबले. तळमजल्याला फरशी लागली तेव्हा सितारामांचा सदरा पाठीला चिकटला होता. तीन महिन्यांनी त्यांनी झाडं खालून पाहिली. अंकुशनं गाडीचं दार उघडलं.

सिताराम गाडीकडे गेले नाहीत. ते वळले.

“बाबा?”

“आदी वर चढून बगतो.”

“आता? आत्ता तर उतरलात.”

“खाली आलो आन् वर जाता येईना, तर मग तुला न विचारता तुज्याकडंच ऱ्हायलो ना. हे आदी बगायला पायजे.”

क्षिप्रा काचेतून म्हणाली, एक वळण फक्त, काका. नऊ पायऱ्या. त्याच्यावर नाही.

अंकुश तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, पण त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. उजवा पाय वर, मग डावा. उजवा, डावा. सहाव्या पायरीवर डाव्या पायाचा अंगठा कडेला अडकला. अंकुशनं हात पुढे केला. सितारामांनी थांबून श्वास घेतला, पाय मागे घेतला, चवडा उचलला, पुन्हा टाकला. नवव्या पायरीवर स्टूल होतं. ते बसले. वर अजून पंचेचाळीस होत्या. त्यांनी मान वर करून त्या सगळ्या पाहिल्या, आज नाही, पण आहेत तिथंच आहेत, असं बघितलं.

“झालं समाधान?” अंकुशनं विचारलं.

“आर्धं,” सिताराम म्हणाले. “उरलेल्या आर्ध्यासाठी तुजा जनरेटर.”

खाली गाडीत चांगुणाबाई कधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. काच खाली, किल्ली पदराच्या गाठीत, पाय लांब केलेले. वर बघून त्या म्हणाल्या, “या आता. सावकाश या. मी बसलेय.”